गप्प बसायची नोकरी

प्रिय वहिनी,

तुझ्यावर लिहायला घेतलंय. आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली नसतीस, पण मग फोनवर सगळं स्वतःच सांगत बसली असतीस आणि माझं लिहायचं राहून गेलं असतं. म्हणून न विचारता लिहिते आहे. तुला माहीत असलेल्याच गोष्टी तुला सांगणार आहे, कारण वाचणाऱ्यांना त्या माहीत नाहीत. मध्ये मध्ये बोलू नकोस. निदान कागदावर तरी तुला गप्प बसवता येतं.

तर वाचणाऱ्यांनो, वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. पण त्याच्या कितीतरी आधी आम्ही दोघी शाळेत एका बाकावर होतो, म्हणून अहो-जाहो आमच्यात कधी आलंच नाही. टोमणा मारायचा असला की तेवढ्यापुरतं तू मला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणतेस. शाळेतच तुझं नाव रेडिओ पडलं होतं. बाईंनी शिक्षा म्हणून तुला वर्गाबाहेर उभं केलं की तू शिपायाशी गप्पा मारत उभी राहायचीस, आणि मग शिपायाची घंटा द्यायची वेळ चुकायची. पुढे तू नर्स झालीस. ऑपरेशनची भूल उतरताना पेशंटच्या कानावर पहिला तुझा आवाज पडायचा, आणि काही जणांना वाटायचं की एवढ्यात उतरायला नको होती.

नोकरी संपली आणि तू घरी बसलीस, म्हणजे दादाच्या डोक्यावर बसलीस. दादा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. तू पडद्याच्या अलीकडून बोलायचीस आणि पलीकडचं गिऱ्हाईक दादाला विचारायचं, "काही म्हणाल्या का त्या?" दादा तोंडातल्या टाचण्या न काढता नुसती मान हलवायचा. तोंडात टाचण्या धरायची सवय त्याला लग्नानंतर लागली, असं माझं ठाम मत आहे.

अशात तुझ्या जुन्या हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावून घेतलं. त्यांना एक अनुभवी बाई हवी होती. उलटीला न घाबरणारी, कुणी ओक्साबोक्शी रडायला लागलं तरी न गडबडणारी. काम काय, तर पेशंटजवळ दिवसभर बसायचं.

"नुसतं बसायचं?" तू त्यांना विचारलंस.

"नुसतं बसायचं. आणि बोलायचं नाही."

हे तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलंस तेव्हा चहा माझ्या नाकात गेला.

"त्यांनी तुझी कुठे चौकशी केली नाही का गं?"

"चौकशी कशाला? सर्टिफिकिटं आहेत माझी."

"सर्टिफिकिटात आवाज ऐकू येत नाही."

"जळतेस," तू म्हणालीस, आणि वर माझी दोन बिस्किटं खाल्लीस.

कामाचं स्वरूप असं. काही अळिंब्यांत एक द्रव्य असतं, सायलोसायबिन म्हणतात त्याला. ते पोटात गेलं की काही तास माणसाला जग भलतंच दिसतं. भिंत श्वास घेते, गेलेली आई समोर येऊन बसते, आणि ‘मी, मी’ म्हणून आपण जे काही मिरवत असतो ते पाण्यात पडलेल्या साबणासारखं विरघळतं. मरणाच्या भीतीनं किंवा जुन्या उदासीनं गोठून गेलेल्या माणसांना याचा उपयोग होतो का, ते डॉक्टरीणबाईंना तपासायचं होतं. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. अळिंबी ही वनस्पती नव्हे हेही दर वर्षी शिकवलं, आणि दर वर्षी पेपरात ती वनस्पती म्हणूनच लिहून आली. त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. धोतरा, अफू, गांजा, निवडुंग, रानातल्या कुठल्या कुठल्या वेली, माणसानं काही म्हणता काही चघळायचं बाकी ठेवलेलं नाही. पुजाऱ्याच्या हातात होतं तोवर त्याला प्रसाद म्हणत. पोलिसांच्या हातात गेलं तेव्हा मुद्देमाल म्हणायला लागले. आता डॉक्टरांच्या हातात आलंय तर डोस म्हणतात. अळिंबी बिचारी तीच.

गल्लीत मात्र बोभाटा झाला की रेडिओबाई गांजाच्या वॉर्डात लागल्या. बेकरीवालीनं तुला काउंटरवरून वाकून हळूच विचारलं, "माझ्या सासूसाठी एखादी मिळेल का हो? माणूस प्रेमळ होतो म्हणतात त्यानं."

"होतो कधी कधी," तू म्हणालीस. "पण सासू प्रेमळ झाली की कायमची तुझ्याकडेच राहायला येईल. बघ बाई."

तिनं पुन्हा विषय काढला नाही.

एक्स-रेच्या जुन्या फिल्मा ठेवायच्या त्या खोलीला पडदे लावून, सोफा टाकून, कोपऱ्यात पिवळा दिवा ठेवून डॉक्टरीणबाईंनी दिवाणखाना केला होता. पेशंट सकाळी कॅप्सूल घेणार, डोळ्यांवर काळी पट्टी बांधणार, कानाला शब्द नसलेलं संगीत लावून आडवा होणार. शेजारी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर तू. नियम असे की काही विचारायचं नाही, काही समजावायचं नाही, हात मागितला तर द्यायचा. फारच घाबरला तर एवढंच वाक्य म्हणायचं, "मी इथे आहे." दिवसभरासाठी तुला तीन शब्द मंजूर झाले होते. तू गालात पेपरमिंटची गोळी धरून बसायचीस. संध्याकाळी माझ्याकडे यायचीस आणि पेशंटची गोष्ट बाहेर काढायला बंदी असल्यामुळे बाकी सगळ्या विषयांवर दुप्पट वेगानं बोलायचीस. नळ, बस, डॉक्टरीणबाईंच्या चपला, मोजे.

एका पेशंटची गोष्ट तेवढी सगळ्यांना कळली, कारण त्यानंच ती प्रवचनात सांगितली. ते होते आमच्या भागातले धर्मगुरू. बायको गेल्यापासून त्यांना देव सापडेनासा झाला होता, आणि त्यांच्या धंद्यात ती मोठीच अडचण. पट्टी काढल्यावर ते तुला म्हणाले, "सिस्टर, देव काही दिसला नाही. आईच्या स्वयंपाकघरातलं टेबल दिसलं. मी त्याच्याखाली बसलो होतो. हे चालेल का?"

तुझी जीभ किती वळवळली असेल. पण तू पेपरमिंट चोखत मंजूर वाक्य म्हणालीस, "मी इथे आहे."

धर्मगुरूंनी पुढचा अख्खा महिना त्या उत्तरावर प्रवचनं दिली.

"मला विचारायचं होतं, टेबल लाकडी होतं का पत्र्याचं," तू मला नंतर म्हणालीस.

मग दादा आजारी पडला. कॅन्सर, आणि तोही बराच पसरल्यावर कळलेला. दादानं कुणाजवळ रड गायली नाही. त्यानं फक्त कोट शिवायचे बंद केले. पँट कमी करून दे, चेन बदलून दे, बाही आत घे, असली एका बैठकीची कामं तो घ्यायचा. पण ज्याला पहिलं माप, मग कच्ची शिलाई, मग दुसरं माप लागतं असं कुठलंही काम तो परत पाठवायचा. "दुसऱ्या मापाला मी असेन कशावरून?" मला एकदाच म्हणाला. त्याच्या हातचे कोट घालून या गावातले लोक लग्नाला आणि मयताला गेले होते, आणि आता तो चेनी बदलत होता. दुपारी पडद्यामागे तो नुसता पडून असायचा, डोळे उघडे. तू बोलत राहायचीस आणि तो टाचण्यांशिवायही गप्प.

तूच डॉक्टरीणबाईंच्या मागे लागलीस. त्या म्हणाल्या, इथल्या माणसाचा नातेवाईक नको. तू म्हणालीस, मी त्या दिवशी खोलीच्या आसपास फिरकणार नाही. त्या म्हणाल्या, खरी कॅप्सूल मिळेलच असं नाही. प्रयोग होता ना! काहींना खरी द्यायची, काहींना कोरी, आत नुसती पिठीसाखर. कुणाला काय गेलं हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. प्रयोग संपला की सगळं उघडायचं आणि कोरी मिळालेल्यांना हवी तर खरी द्यायची. दादा म्हणाला, "साखर तर साखर. चहात कमी घालीन."

त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून होतीस. भांडी घासणाऱ्या बाईला तू आमच्या सगळ्या खानदानाची कुंडली सांगितलीस म्हणे. संध्याकाळी दादाला घ्यायला आपण दोघी गेलो. तो कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला होता, आणि त्याचा चेहरा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता तसा होता.

"बटण झालो होतो," तो म्हणाला.

"काय?" मी म्हटलं.

"बटण. चार भोकांचं. कोटाला लावलेलं. सुई येत होती, जात होती, दुखत काही नव्हतं. आणि काय आराम होता सांगू! बटणाला काही करायचं नसतं गं. त्याला धरून ठेवलेलं असतं."

"कोट कुणाचा होता?"

"ते बटणाला कसं दिसणार? एवढी शिकलेली तू!"

मी हसले. तू हसली नाहीस. तू पुढे वाकलीस, सवयीनं त्याची हनुवटी वर केलीस आणि ट्यूबलाइटखाली त्याच्या डोळ्यांत पाहिलंस. मग त्याचा शर्ट नीट केलास आणि रिक्षा बघायला गेलीस.

त्यानंतर दादानं कोट घेतला. उंच पोस्टमनचा हिवाळी कोट, अस्तराचा, तीन मापांचा. गिऱ्हाईकाला बजावून सांगितलं, "दुसऱ्या मापाला या. मी असलो तर मापं घेईन, नसलो तर हिच्याकडून कापड घेऊन जा. दोन्हीत तुमचं नुकसान नाही." शिवता शिवता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बटणाची गोष्ट सांगायचा. लोक खिशातून तुटकी बटणं काढून विचारायचे, हे कोण असेल बुवा? दुकानात पुन्हा हशा आला.

आणि घरात तुझा आवाज बंद झाला.

आधी दादाला वाटलं घसा धरलाय. मग वाटलं वॉर्डात काहीतरी चुकून तुझ्या पोटात गेलं. त्यानं मला फोन केला. "येऊन जा. ही तीन वाक्यांत जेवण वाढते. मला भीती वाटते." मरणाची भीती गेलेला माणूस हे बोलत होता.

मी आले. तुला मागच्या गच्चीवर, कपडे वाळत घालताना गाठलं. तू चिमटे तोंडात धरले होतेस. ते मी काढून घेतले.

"बोल."

"काही नाही."

"बोल, नाहीतर डॉक्टरीणबाईंकडे जाते."

आणि मग तू बोललीस. वॉर्डात इतकी माणसं पाहिलीस, ज्याला खरी जाते त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या वाटाण्याएवढ्या होतात आणि संध्याकाळपर्यंत तशाच राहतात. दादाच्या बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या. त्याला साखर मिळाली होती. बटण, आराम, धरून ठेवणं, सगळं साखरेवर.

"मग सांग त्याला," मी म्हटलं.

"का?"

"खरं आहे म्हणून. आणि प्रयोग संपल्यावर कळणारच आहे."

"वन्सं, तुम्ही शिकवायचात त्या कॉलेजात खरं फुकट वाटत असतील. माझ्याकडे त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या मापाला यायचंय."

"अगं, पण मग त्याला खरी तरी देतील!"

"आता नाही देणार. वजन बघितलंस त्याचं? झेपणार नाही. म्हणजे हातची साखर पण जायची." तू दादाचा सदरा झटकून दोरीवर टाकलास. मग एकदम हळू म्हणालीस, "आणि तुला सांगू? औषध खाऊन कुणीही बटण होईल. हा साखर खाऊन झाला. त्याचं त्यानं केलं. इतकी वर्षं संसार केला, मला वाटायचं या माणसाला टाचण्यांपलीकडे काही येत नाही."

तुझे कान लाल झाले होते. या वयात! मी चिमटे परत दिले.

एक गोष्ट अर्धा तास पोटात न ठेवणारी तू, ती महिनोन् महिने ताकास तूर लागू न देता वागलीस. दादासमोर अघळपघळ बोललं तर ओघात तेही निसटेल, म्हणून बोलणंच थांबवलंस. दुपारची त्याच्या मशीनपाशी जाऊन बसायचीस, वॉर्डात बसायचीस तशी. काही विचारायचं नाही, काही समजावायचं नाही. पोस्टमनचं दुसरं माप झालं. दादानं खांद्यात अर्धं बोट सैल ठेवलं. पत्रांची पिशवी लागते म्हणून.

मग प्रयोग संपला आणि बोलावणं आलं. दादाला खुर्चीच्या गाडीतून न्यावं लागलं. तुझ्या हातात पर्स होती आणि तू तिचा बंद इतका पिळत होतीस की मला त्याची शिवण उसवताना ऐकू येत होती. डॉक्टरीणबाई चष्मा लावून म्हणाल्या, "तर, तुम्हाला मिळाली होती ती खरी. पूर्ण डोस."

"शक्यच नाही!" तू ओरडलीस. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या त्याच्या! मी पाहिल्यात! तुमच्या डब्यांची अदलाबदल झाली असेल!"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. मग त्यांनी दादाला विचारलं, "डोळ्यांत काही घालता का?"

दादानं शर्टाच्या खिशातून छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. काचबिंदूचे थेंब. बाहुली बारीकच ठेवतात ते, मग वर काहीही खाल्लेलं असो. तुमच्या कागदावर लिहून दिलं होतं की मी, असं त्याचं म्हणणं. दिलं होतंच.

"किती वर्षं घालताय?"

"पुष्कळ झाली. हिला विचारा, हीच केमिस्टकडून आणते."

तू बाटली उचलून पाहिलीस. आपल्या नवऱ्याच्या डोळ्यांत त्याआधी तू नीट कधी पाहिलं होतंस, देव जाणे. पाहिलंस ते पेशंट म्हणून, आणि पेशंटांच्या बाहुल्यांचा हिशेब त्याला लावलास.

दादाला उलगडायला क्षणभर लागला. "थांब. म्हणजे इतके महिने तुला वाटत होतं की मी साखर खाल्ली? आणि तू मला बोलली नाहीस?"

"नाही."

"तू?"

"नाही म्हटलं ना."

तो इतका हसला की खोकल्यानं वाकला आणि नर्सला पाणी आणावं लागलं. "डॉक्टरीणबाई, लिहून घ्या. औषध मला दिलंत आणि लागलं हिला!"

परतीच्या वाटेवर रिक्षात मी तुला विचारलं, "आता का तोंड पाडून बसलीस? आनंद नाही झाला?"

"झाला की." तू बाहेर बघत होतीस. "पण मला वाटलं होतं, त्याचं त्यानं केलं."

"मग आता मला मार्क कमी का?" दादा म्हणाला.

"गप्प बस रे."

"बटणाला कुठे तोंड असतं?"

"चार भोकं आहेत ना, पुरेत," तू म्हणालीस, आणि मग घरापर्यंत बोलत राहिलीस. साठलेलं सगळं. रिक्षावाला दोनदा चुकीचा वळला.

दादा त्या थंडीच्या शेवटी गेला. दुपारची वेळ होती, पडदा बाजूला केलेला, मशीनवर पोस्टमनचा कोट अस्तर लावून तयार. शेवटचे काही दिवस त्याला दुखायचं, कण्हायचा, मला नको ते बोललाही, पण घाबरला नाही. तू त्याचा हात धरून बोलत होतीस. कशाबद्दल, तर बेकरीवालीच्या सासूबद्दल. त्याला तिची पुढची गोष्ट हवी होती.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. प्रयोगातल्या माणसांच्या घरच्यांशी बोलून त्यांना समजून घ्यायचं होतं, माणसात काय बदललं आणि घरात काय बदललं. तू म्हणालीस, एकटी नाही येणार, नणंद येईल बरोबर. आणि मग मला म्हणालीस, "मी काय सांगू गं त्यांना? तो बदलला तो औषधानं, ते ठीक. पण मी बदलले ते कशानं लिहायचं? मी तर काहीच खाल्लं नव्हतं. एक खोटी गोष्ट खरी धरून बसले होते तेवढंच."

"तेच सांग."

"ते कुठल्या रकान्यात बसणार?"

"त्यांचं डोकं, त्यांचा रकाना. तू चल."

आधी तुला पडदे धुवायचे होते. मग माझा गुडघा सुजला. मग पाहुणे, मग डॉक्टरीणबाई रजेवर, मग तू लेकीकडे राहायला गेलीस आणि तिथेच रमलीस. डॉक्टरीणबाईंचा मला अजून अधूनमधून फोन येतो. त्यांनी आता दुसऱ्या इमारतीत खोली घेतलीय, तळमजल्याला, जिने चढायचे नाहीत. मी म्हणते, दोघी येतो. तूही फोनवर म्हणतेस, जाऊ या गं, थंडी ओसरली की जाऊ या. कुठली थंडी, ते सांगत नाहीस. आपण अजून गेलेलो नाही.